कळसावरील ध्वजा : संत बहिणाबाई शिऊरकर

महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे, आणि आपला मराठवाडा तर संतांचे माहेरच आहे. पैठणला एकनाथ महाराज झाले. नरसीला नामदेवराय, तेरला गोरोबाकाका, जांबेला समर्थ रामदास झाले. आपल्याच परभणी जिल्ह्यात गंगाखेडला दळण-कांडण करता करता विठ्ठलाला हाक मारणारी जनाबाई झाली. ह्या मालिकेतील एक नाव मात्र आपल्या भागात हवे तितके घेतले जात नाही. ते नाव म्हणजे संत बहिणाबाई शिऊरकर.

नाव घेतले जात नाही, पण त्यांचे शब्द मात्र रोज ओठांवर असतात. वारकरी संप्रदाय हे एक देऊळ आहे, त्याचा पाया कोणी घातला, खांब कोणी उभा केला आणि कळस कोण झाला, हे सांगणारा अभंग कोणत्या गावच्या सप्ताहात म्हटला जात नाही? शाळेतले पोरही त्याचा पहिला चरण म्हणून दाखविते. पण तो अभंग रचिला कोणी असे विचारले, तर कोणी ज्ञानोबांचे नाव घेतो, कोणी तुकोबांचे. फार थोडे लोक बहिणाबाईंचे नाव सांगतात. आपल्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार होत असताना, पाया, खांब आणि कळस हे शब्द रोज कानी पडत असताना, त्या माउलीचे चरित्र थोडक्यात पाहणे उचित होईल.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. खानदेशात जळगावकडे बहिणाबाई चौधरी नावाच्या मोठ्या कवयित्री होऊन गेल्या. त्यांचा काळ १८८० ते १९५१ हा होय. जात्यावरच्या आणि शेतातल्या त्यांच्या कविता आपण शाळेत शिकलो आहोत. प्रस्तुत चरित्र त्यांचे नव्हे. संत बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, शिवकालातल्या, तुकोबांच्या शिष्या.

जन्म व बालपण

वेरुळच्या पश्चिमेस देवगाव नावाचे गाव आहे. आज ते देवगाव रंगारी म्हणून ओळखले जाते. ते छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात कन्नड तालुक्यात येते. त्या भागातून शिवना नदी वाहते. ही नदी पुढे गोदावरीस मिळते, आणि तेच गोदामाईचे पाणी गंगाखेडवरून आपल्या पूर्णा तालुक्याला भेटून नांदेडकडे जाते. अशा ह्या देवगावी शके १५५० मध्ये, म्हणजे इसवी सन १६२८ साली, बहिणाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव आऊजी कुलकर्णी व आईचे नाव जानकी. बरीच वर्षे पोटी संतान नव्हते, म्हणून उभयतांनी अनुष्ठान केले व त्यानंतर ही कन्या झाली, असे स्वतः बहिणाबाईंनीच सांगितले आहे. त्यांच्या पाठीवर भाऊ झाले.

घर कुलकर्ण्याचे. कुलकर्णी म्हणजे गावचे दप्तर सांभाळणारा. कोणाची किती जमीन, कोणाचा किती सारा, कोणाची किती बाकी, हे सर्व त्याच्या कागदावर. घरात दौत-लेखणी होती, बस्त्यात बांधलेले कागद होते. पण त्या काळी ती लेखणी मुलाच्या हाती द्यावयाची, मुलीच्या नव्हे, अशी रीत होती. मुलगी उपनयनाला अपात्र, वेदाला अपात्र. तिचे उपनयन म्हणजे विवाह आणि तिचे गुरुकुल म्हणजे सासर, असे शास्त्री सांगत. ह्या रीतीत बहिणा वाढली. इतर पोरी भातुकली खेळत तेव्हा हिच्या तोंडी देवाचे नाव असे.

बालविवाह व गावाचा त्याग

बहिणा तीन वर्षांची असताना तिचा विवाह झाला असे परंपरा सांगते. वर शिऊरचे गंगाधर पाठक. काही चरित्रांत त्यांचे नाव रत्नाकर असेही येते. त्यांचे वय त्या वेळी तीस वर्षांचे होते व हा त्यांचा दुसरा विवाह होता. ते ब्राह्मण, शास्त्र जाणणारे, ज्योतिष सांगणारे असे मानी गृहस्थ होते. तीन वर्षांची नवरी आणि तीस वर्षांचा नवरा ही गोष्ट आज ऐकताना अंगावर काटा येतो. परंतु त्या काळी हे घरोघर चाले व ह्यात काही वावगे आहे असे कोणास वाटत नसे. बहिणा मोठी होईपर्यंत माहेरीच राहिली.

ती नऊ वर्षांची झाली तेव्हा घरावर संकट आले. आऊजींचा भाऊबंदांशी तंटा झाला व देणेही झाले. वतनदाराच्या घरी भाऊबंदकी शिरली म्हणजे काय होते, हे खेड्यापाड्यातील माणसास समजावून सांगावयास नको. शिऊरहून जावई मदतीस आले. पण तंटा मिटेना, तेव्हा आई-वडील, भावंडे, जावई व बहिणा अशी सर्व मंडळी रातोरात गाव सोडून निघाली. ज्याच्या बस्त्यात साऱ्या गावाच्या जमिनीचे कागद होते, त्याच्याच पायाखाली जमीन राहिली नाही.

ही मंडळी गोदावरीच्या काठाने निघाली. वाटेत भिक्षा मागावी, मिळेल ते शिजवावे, देवळात किंवा धर्मशाळेत पडावे आणि पुन्हा चालावे. असे करीत शिंगणापूरचा महादेव झाला, मग पंढरपूर आले. चंद्रभागेचे स्नान झाले, विठ्ठलाचे दर्शन झाले. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या मनावर पंढरीचा जो ठसा उमटला तो पुढे जन्मभर पुसला गेला नाही. घर गेले, गाव गेला, पण ह्याच वणवणीने तिला पंढरी दाखविली. पंढरपुराहून पुढे ती मंडळी रहिमतपुरास आली. तेथील उपाध्याय काशीस गेले होते, त्यांच्या गैरहजेरीत गंगाधरपंतांनी वृत्ती चालविली. ते परत आल्यावर पुन्हा बिऱ्हाड हलविले आणि सर्वजण कोल्हापुरास आले. बहिणा तेव्हा अकरा वर्षांची होती.

कोल्हापुरातील शाळा

कोल्हापुरात हिरंभट नावाच्या सत्शील ब्राह्मणाने ह्या कुटुंबास आपल्या घरी आसरा दिला. तेथे पुराण चाले, भागवत वाचले जाई. गावात जयरामस्वामींची कीर्तने होत आणि त्या कीर्तनांत देहूच्या तुकोबांचे अभंग गाइले जात. हीच बहिणाची शाळा. पाटी नाही, पुस्तक नाही, गुरुजी नाहीत. ऐकावयाचे, आणि ऐकलेले घरी पाणी भरताना, भांडी घासताना मनात घोळवावयाचे. तुकोबांना तिने पाहिले नव्हते. पण त्यांचे अभंग तिच्या मनात असे रुजले की, भेटावे तर ह्यांनाच, गुरू करावा तर ह्यांनाच, असा ध्यास तिला लागला.

ह्याच काळातील वासराची कथा प्रसिद्ध आहे. हिरंभटास एका यजमानाकडून काळी कपिला गाय वासरासह दान मिळाली होती. स्वप्नात दृष्टांत झाल्यावरून त्यांनी ती गाय गंगाधरपंतांस दिली. ते वासरू बहिणाला असे लळा लावून बसले की तिच्या हातून चारा दिला तरच ते खाई, तिने पाणी पाजले तरच पिई. ती पाण्यास निघाली की हे मागे, ती पुराणास बसली की हे शेजारी. कीर्तनालाही ते तिच्या बरोबर जाई. लोक म्हणत की हा कोणी मागच्या जन्मीचा योगभ्रष्ट असावा.

एके दिवशी जयरामस्वामींच्या कीर्तनास फार गर्दी झाली. माणसांनाच जागा नाही, तेथे वासरू कशाला, म्हणून कोणी त्यास बाहेर काढले. ते बाहेर हंबरू लागले आणि आत बहिणा रडू लागली. स्वामींना हे समजले. त्यांनी वासरू आत आणविले, त्याच्या पाठीवरून हात फिरविला व त्या मुलीच्याही मस्तकावर हात ठेवून तिला आशीर्वाद दिला. हरिकथा ऐकण्याची ज्याला गोडी आहे त्याला कीर्तनातून उठविण्याचा अधिकार कोणाचा नाही, मग ते मुके जनावर असो की अकरा वर्षांची पोर असो, हेच स्वामींनी सर्वांसमक्ष दाखवून दिले.

परंतु गावात ह्याचा बोभाटा झाला. पाठकांच्या बायकोला स्वामींनी भर सभेत आशीर्वाद दिला, ती मोठी भक्तीण झाली, अशा गोष्टी चघळल्या गेल्या. त्या गंगाधरपंतांच्या कानी गेल्या. वेदशास्त्र जाणणारे आपण, आणि लोकांच्या तोंडी नाव बायकोचे, हे त्यांना सहन झाले नाही. घरी येऊन त्यांनी बहिणाची वेणी धरून तिला मारले. एवढ्यावर न थांबता तिचे हातपाय बांधून तिला टाकून दिले. आई-वडील समोर होते, पण जावयापुढे त्यांचे काही चालेना. गाय आणि वासरू दोघांनी चारा-पाणी सोडले. हिरंभटांनी मध्ये पडून समजावले तेव्हा तिला सोडण्यात आले.

हा प्रसंग चरित्रकारांनी रचलेला नाही, तर बहिणाबाईंनीच आपल्या अभंगांत सांगून ठेवला आहे. मार का बसला तर कीर्तनास गेली म्हणून. तिने चोरी केली नव्हती, खोटे बोलली नव्हती, घरचे काम टाकले नव्हते. देवाचे नाव ऐकण्याची जी गोष्ट पुरुषाने केली असता पुण्य, ती तिने केली म्हणून अपराध ठरली. संतचरित्र वाचताना आपण चमत्कारांपाशी हात जोडतो आणि अशा ठिकाणी पान उलटतो. पण बहिणाबाईंनी हे पान लिहून ठेवले, ते उलटून जाण्यासाठी नव्हे.

तुकोबांचे स्वप्नदर्शन

पुढे थोड्याच दिवसांत ते वासरू मरण पावले. लोकांनी टाळ-मृदंगाच्या गजरात त्याला मूठमाती दिली. बहिणाला त्याचा धक्का इतका बसला की ती तीन दिवस बेशुद्ध होती. त्यानंतर ज्यांचा तिने ध्यास घेतला होता ते तुकोबा तिच्या स्वप्नात आले. त्यांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला आणि हाती गीतेची पोथी दिली, असे तिने सांगितले आहे. ज्या काळी बाईच्या हाती पोथी पडणे म्हणजे अघटित, त्या काळी गुरूने तिच्या हाती स्वप्नात तरी पोथीच दिली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गुरूने तिला दागिना दिला नाही किंवा कुंकवाचा करंडा दिला नाही. ह्या घटनेपासून बहिणाबाई स्वतःस तुकोबांच्या शिष्या म्हणवू लागल्या आणि त्यांच्या मुखातून अभंग येऊ लागले.

घरात मात्र वादळ अधिकच वाढले. गंगाधरपंत वैदिक ब्राह्मण आणि बायकोचा गुरू देहूचा कुणबी वाणी! त्यातून दर्शनाला लोक येऊ लागले, ते बहिणाबाईंच्या. त्यांनी निश्चय केला की हिला हिच्या आई-वडिलांपाशी टाकून आपण तीर्थयात्रेस निघून जावे. बहिणाबाई त्या वेळी तीन महिन्यांच्या गर्भवती होत्या.

बहिणाबाईंच्या मनाची जी ओढाताण ह्या वेळी झाली ती त्यांनी उघड मांडली आहे. नवरा टाकून गेला तर ह्या जगात बाईला उभे राहावयास जागा नाही, हे त्या जाणत होत्या. आणि विठ्ठल सोडावा तर जगून तरी काय करावयाचे, हेही त्यांस कळत होते. एकीकडे संसार, एकीकडे परमार्थ. पुरुष संताला संसाराचा वीट आला तर तो उठून वनात जाऊ शकतो. बाईला ती वाट नाही. तिला दोन्ही एकाच घरात, एकाच चुलीपाशी करावे लागते.

निघण्याच्या दिवशीच गंगाधरपंतांना ज्वर भरला. औषध चालेना, अन्न जाईना. आजार महिनाभर रेंगाळला. ज्यांनी बांधून मारले होते त्यांच्या उशाशी बहिणाबाई रात्रंदिवस बसल्या. एके दिवशी एका वृद्ध ब्राह्मणाने येऊन पंतांना विचारले की, हिचा अपराध तरी काय म्हणून हिला टाकतोस? त्या प्रश्नाला पंतांपाशी उत्तर नव्हते. त्यांना पश्चात्ताप झाला. बरे झाल्यावर त्यांनी आपण होऊन देहूस जाण्याचे ठरविले, आणि सारे कुटुंब, गाईसह, देहूस निघाले.

देहूतील दिवस

देहूस बहिणाबाईंनी तुकोबांना प्रत्यक्ष पाहिले. स्वप्नात पाहिलेली मूर्ती हीच, अशी त्यांची खूण पटली. राहावयास मात्र जागा मिळेना. तेथील मंबाजी गोसाव्याने आसरा दिला नाही. ही मंडळी तुकोबांची शिष्य आहेत हे कळताच त्याने त्यांचा छळ मांडला. त्याने त्यांची कपिला गाय पळवून कोंडली व तिला मारले. त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले व पुढे मंबाजीच्या घरास आग लागून गाय सापडली, अशी कथा आहे. कोंडाजी नावाच्या गृहस्थाने ह्या कुटुंबास अन्न दिले. विठ्ठलाच्या देवळात तुकोबांचे कीर्तन ऐकत बहिणाबाईंचे दिवस जाऊ लागले.

येथेच त्यांस कन्या झाली, तिचे नाव काशी. पुढे पुत्र झाला, त्याचे नाव विठोबा. मुलांचे पाळणे, नवऱ्याची सेवा, घरचे दारिद्र्य आणि अभंगरचना हे सर्व बरोबरच चालले. इसवी सन १६५० मध्ये तुकोबांचे वैकुंठगमन झाले. बहिणाबाईंना तो विरह फार जड गेला. पुढे त्या सासरच्या गावी, शिऊरास, येऊन स्थिर झाल्या. समर्थ रामदासांचाही त्यांस सत्संग लाभला, व समर्थांनी दिलेली मारुतीची मूर्ती शिऊरास आहे, असे तेथील परंपरा सांगते.

स्त्रीजन्माचा प्रश्न

बहिणाबाईंच्या गाथ्यात पावणेपाचशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांत त्यांचे आत्मचरित्र आहे, भक्तीचे अभंग आहेत, पतिव्रताधर्माचे आहेत, ब्राह्मण कोणास म्हणावे ह्या विषयाचे आहेत. मराठीत एखाद्या स्त्रीने आपली जीवनकथा इतकी सविस्तर आपल्याच तोंडाने सांगितल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. १९२९ साली जस्टिन अॅबट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने ह्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले व साता समुद्रापलीकडे त्यांची कीर्ती गेली.

ह्या अभंगांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. वेद म्हणतात स्त्रीला अधिकार नाही, पुराणे म्हणतात स्त्रीच्या संगतीने हित होत नाही. मग हा स्त्रीचा देह घेऊन जो जीव जन्माला आला त्याने काय करावे? त्याने परमार्थ कोठे शोधावा? मंत्र कानी पडू द्यावयाचा नाही, ओंकार उच्चारावयाचा नाही, आणि मोक्ष तर हवा. हा प्रश्न बहिणाबाईंनी भांडणाच्या सुरात विचारला नाही, रडगाण्याच्या सुरातही नाही. हिशोबात चूक दिसली म्हणजे कुलकर्ण्याची लेक जशी बोट ठेवील, तसे त्यांनी बोट ठेवले. आणि उत्तर शोधले ते नामात. नामाला सोवळे-ओवळे नाही, वय नाही, जात नाही, बाई-पुरुष नाही.

दुसरे असे की त्यांनी वज्रसूची ह्या प्राचीन संस्कृत ग्रंथातील विचार मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण म्हणजे कोण, हा त्याचा विषय. देह म्हणजे ब्राह्मण काय? तर नाही. जन्म म्हणजे ब्राह्मण काय? तर नाही. नुसते कर्म, नुसती विद्वत्ता, हेही नाही. ज्याने ब्रह्म जाणिले तोच ब्राह्मण. हे म्हणणारी बाई कोण, तर वैदिक ब्राह्मणाची पत्नी आणि कुणबी गुरूची शिष्या. ज्या कारणावरून घरात मार बसला त्याच कारणाचे उत्तर तिने शांतपणे शास्त्रातूनच काढून दाखविले.

आता पतिव्रताधर्माचे त्यांचे अभंग. पती हाच देव, त्याची सेवा हाच धर्म, असे त्यांत सांगितले आहे. आजच्या सुशिक्षित मुलीस हे वाचून राग येईल, आणि तो येणे साहजिक आहे. मारणाऱ्या नवऱ्याची सेवा करावी, असा अर्थ ह्यातून कोणी काढील तर तो आज कायद्यालाही मान्य नाही आणि माणुसकीलाही नाही. परंतु बहिणाबाईंचे म्हणणे त्यांच्या काळात ठेवून पाहिले पाहिजे. त्यांनी पतीची सेवा सोडली नाही, हे खरे. पण पतीने सांगूनही कीर्तन सोडले नाही, गुरू सोडला नाही, अभंग सोडले नाहीत, हेही तितकेच खरे. शेवटी बदलले ते पती. जो नवरा कीर्तनास गेली म्हणून मारीत होता, तो तिच्याच गुरूच्या पायाशी देहूस गेला.

बहिणाबाईंच्या काळातच समर्थांच्या शिष्या वेणाबाई झाल्या. बालपणी वैधव्य आलेल्या ह्या बाईने सीतास्वयंवर रचिले व समर्थांच्या आज्ञेने उभे राहून कीर्तन केले. पुढे दोनशे वर्षांनी, १८४८ साली, जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी स्त्रीपुरुष तुलना हे पुस्तक छापून, सर्व दोष बाईच्याच माथी का, असे सडेतोड विचारले. ताराबाईंचे वडील बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. एक कुलकर्ण्याची लेक, दुसरी कारकुनाची लेक. दोघींच्या घरी दप्तर होते. पुरुषांच्या दप्तरात बाईची नोंद कोठेच नाही, हे दोघींनी आपापल्या परीने पाहिले आणि ती नोंद स्वतःच केली. ताराबाईंची वाणी धारदार, बहिणाबाईंची सौम्य. पण दोघींचा प्रश्न एकच.

देहत्याग

बहिणाबाईंना बहात्तर वर्षांचे आयुष्य लाभले. अखेर जवळ आल्याचे त्यांना आधीच कळले. त्या वेळी पुत्र विठोबा आपल्या पत्नीच्या उत्तरक्रियेसाठी बाहेरगावी गेला होता. त्याला त्यांनी निरोप पाठवून बोलावून घेतले. तो आल्यावर त्यांनी त्याला आपल्या मागील बारा जन्मांची हकीकत सांगितली, व हा तेरावा जन्म शेवटचा, आता येणे नाही, असे समाधानाने सांगितले. ज्या स्त्रीजन्माविषयी त्यांनी आयुष्यभर विचार केला, त्याच जन्मात त्यांचा प्रवास पुरा झाला. शके १६२२, आश्विन शुद्ध प्रतिपदा, म्हणजे इसवी सन १७०० मधील घटस्थापनेच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी शिऊर येथे आहे.

शिऊर आपल्याला लांब नाही. चुडाव्याच्या स्टेशनवरून जी रेल्वे परभणी, जालना करीत मनमाडकडे जाते, तिच्याच वाटेवर रोटेगाव हे वैजापूरचे स्टेशन आहे. शिऊर हे वैजापूर तालुक्यातच आहे. पंढरी, आळंदी, देहू आपण करतोच. एकदा शिऊरही करावे.

समारोप

आता पुन्हा त्या सुरुवातीच्या अभंगाकडे येऊ. त्यात पायाचा मान ज्ञानेश्वर माउलींना दिला आहे, विस्ताराचा नामदेवरायांना, खांबाचा एकनाथ महाराजांना आणि कळसाचा तुकोबारायांना. चार पुरुष संतांची अशी स्थापना करून झाल्यावर ही माउली स्वतःला कोठे ठेवते? ती स्वतःला ध्वजेची जागा देते. ध्वजा म्हटली तर सर्वांत हलकी वस्तू, एक कापडाचा तुकडा. पण ती फडकते कळसाच्याही वर. लांबून येणाऱ्या वाटसरूला पाया दिसत नाही, खांब दिसत नाही, आधी दिसते ती ध्वजा. आणि ऊन, वारा, पाऊस हे सर्वही आधी सोसते ती ध्वजाच.

कोणत्याही गावी देऊळ उभे राहते तेव्हा वाळूची पाटी, पाण्याची घागर बाईच्या डोक्यावर असते. अन्नदानाच्या पंगतीमागे चूल बाईची असते. सप्ताहात मंडपाची अर्धी बाजू बायांनी भरलेली असते. पण पावती फाडताना नाव बहुधा घरधन्याचे पडते. जीर्णोद्धार म्हणजे जुने पडलेले नीट करणे. भिंतीस चुना लावला, शिखर नवे केले, हा एक जीर्णोद्धार झाला. कीर्तनास निघालेल्या सुनेला कोणी अडविणार नाही, पोथी वाचावयास बसलेल्या बाईला कोणी हसणार नाही, आणि शाळेला निघालेल्या मुलीच्या हातून दप्तर काढून तिला बोहल्यावर उभे केले जाणार नाही, हा दुसरा जीर्णोद्धार होय. पहिला गवंडी करतात. दुसरा मात्र ज्याने त्याने आपल्या घरी करावयाचा आहे.

आपल्या मंदिरावर कळस चढेल, ध्वजा फडकेल. ती पाहून हात जोडताना त्या अभंगाचे स्मरण व्हावे, आणि तो रचणाऱ्या शिऊरच्या माउलीचेही नाव ओठी यावे, एवढीच भगवंतचरणी प्रार्थना.

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम!